फालशाच्या उन्हाचं वेळापत्रक

माझा सावलीवर फार विश्वास. कोणाला हसायचं असेल तर हसा, पण आधी तीस वर्षं अंबडच्या एसटी स्टँडावर कंट्रोलर म्हणून पत्र्याच्या खोलीत काढून दाखवा, मंग हसा. मे महिन्यात त्या खोलीतल्या टेबलावर हात ठेवला की झटक्यात उचलून घ्यावा लागायचा. पंखा होता, पण तो बिचारा गरम हवा इकडची तिकडं करायचा. प्रवासी खिडकीतून विचारायचे, "साहेब, जालना गाडी कधी?" आणि त्यांच्या मागं लिंबाखाली पसरलेलं कुत्रं माझ्याकडं बघत बघत डोळे मिटायचं. त्या कुत्र्याचा मला तीस वर्षं हेवा वाटला. कुत्री मधल्या काळात बदलली असतील, हेवा तोच राहिला.

म्हणून अंबडला प्लॉट घेतला तो मुळी त्याच्यावर एक भलंमोठं कडुलिंबाचं झाड होतं म्हणून. बायको म्हणत होती, पाण्याची लाईन बघा, रस्ता बघा. मी फक्त वर बघितलं आणि इसार दिला. पोरगी पाळण्यात असतानाच तिथं राहायला आलो. निवृत्त झाल्यावर लिंबाखाली खुर्ची टाकली आणि ठरवलं, आता ह्या घरात माणूस काय, चिमणी काय, कोणालाच उन्हाचा त्रास होऊ द्यायचा नाही.

त्याच सुमाराला बायकोच्या माहेराहून, टेंभुर्णीकडून, फालशाचं रोप आलं. ज्यांनी फालसे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: झाड म्हणजे झुडूपच, फळ वाटाण्याएवढं, पिकलं की काळंजांभळं. मीठ लावून तोंडात टाकायचं. आधी आंबट लागतं, मंग गोड लागतं, आणि मंग माणूस पुढचं उचलतो. बाजारात फार दिसत नाही, कारण तोडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचा लगदा होतो.

तर रोप आलं. आपल्याकडं पाहुणा आला की आधी त्याला सावलीत बसवायचं, मंग तांब्याभर पाणी द्यायचं, आणि मंग कामाचं विचारायचं. हे तर सासरवाडीचं रोप, जावयानं त्याचा मान ठेवायला नको? मी अंगणाच्या कोपऱ्यात ते लावलं, चार बाजूंनी चार बांबू रोवले आणि वरून हिरवी जाळी ताणून बांधली. मांडव झ्याक दिसत होता. लग्नाचा वाटत होता.

बायकोनं कमरेवर हात ठेवून बघितलं. म्हणली, "माझ्या माहेरी ते बांधावर भर उन्हात उभं राह्यतं. कोणी ढुंकून बी बघत न्हाई त्याच्याकडं."

"म्हणून तर," मी म्हणलो. "तिथं हाल झाले त्याचे. इथं सुखात राहील."

राहिलं की सुखात! चार वर्षांत माझ्या कमरेच्या वर गेलं. पानं अशी की एकेका पानावर भजी वाढावीत. फळं मोजून सांगतो: पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी तीन, त्यातली दोन बुलबुलानं नेली. चौथ्या वर्षी पुन्हा नाही. बायको म्हणायची, "नुसता पाला हाये. शेळीला घाला." मी म्हणायचो, अजून लहान आहे.

आमची पोरगी एकुलती एक. ती लहान होती तेव्हा शाळा सुटली की सरळ स्टँडावर माझ्या खोलीत येऊन बसायची, कारण तिच्या आईची अंगणवाडी चारपर्यंत असायची. उन्हाळ्यात स्टँडावर एक म्हातारी टोपलीत फालसे घेऊन यायची. मी कागदाच्या पुडीत घेऊन द्यायचो. पोरगी माझ्या खुर्चीवर मांडी घालून एकेक फालसा खायची आणि बिया बराबर माझ्या रजिस्टरावर मांडायची. बाहेर खेळू का म्हणली की मी म्हणायचो, ऊन आहे. पाच वाजता? तरी ऊन आहे. शाळेत पाठवताना डोक्यावर टोपी, टोपीवर रुमाल. वर्गातली पोरं तिला टोपीवाली म्हणायची हे मला तिच्या लग्नात तिच्या मैत्रिणींकडून कळलं.

ती आता पुण्याला. नोकरी करते, नवरा नोकरी करतो. डिसेंबरात तिचा फोन आला. तिसरा महिना लागला होता आणि अन्न पोटात ठरत नव्हतं. भात नको, भाकरी नको, चहाचा वास नको. मला घाम फुटला. म्हणलं, मंग काय खावं वाटतं ते तर सांग.

ती मुसमुसत म्हणली, "पप्पा, फालसे खावे वाटतात. स्टँडावर खायचे ना आपण, तसे."

माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. पुढचामागचा विचार न करता मी बोलून बसलो, "अगं मंग रडती कशाला? आपल्या घरी झाड हाये! सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला येशील ना, तेव्हा ताटभर फालसे देतो तुला. ताटभर!"

फोन ठेवला. बायको समोर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "ताटभर?"

"हो."

"चार वर्षांत वाटीचा तळ झाकला न्हाई, आन् पोटुशी पोरीला ताटभर कबूल केले तुम्ही. डोहाळे हायेत ते. जीव लावून बसंल ती."

हे तिनं खरं बोललं आणि म्हणूनच मला राग आला. पण रागावून झाड फळत नाही. चार महिने हातात होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेतली आणि जालना रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो.

नर्सरीवाला माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण बोलायला माझ्या बापाएवढा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाळी कशाला बांधली?"

"ऊन लागू नये म्हणून."

"फालसा हाये तो साहेब, का नवरी? त्याला दिवसाचं आठ तास ऊन पायजे. सावलीत नुसता पाला येतो. आन् छाटला का कधी?"

"छाटू कशाला? चांगला वाढून राह्यला."

त्यानं कपाळाला हात लावला. म्हणला, फालशाला फळ नव्या फुटीवर येतं. थंडीत, पानं गळायला लागली की गुडघ्याएवढा ठेवून सगळा उतरवायचा, उन्हात उघडा टाकायचा, आणि मंग बघायचं. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. पोरीचं येणं चार महिन्यांवर आलं आणि हा म्हणतो झाड तोडा! येताना त्यानं स्ट्रॉबेरीची बारा रोपंही माझ्या गळ्यात मारली. म्हणला, पोरगी खूश होईल. आणि ताकीद दिली, ह्यांचं फालशाच्या उलट आहे बरं का, आपल्याकडच्या उन्हात ह्यांना फक्त सकाळचं कोवळं ऊन, बारानंतर सावली पाहिजे म्हणजे पाहिजे.

घरी येताना मी ठरवलं की नर्सरीवाल्याचं निम्मं ऐकायचं. छाटणी बिलकुल नाही. पण ऊन द्यायचं, आणि ते पद्धतशीर द्यायचं. तीस वर्षं मी गाड्या वेळेवर सोडल्या होत्या, सूर्य काय गाडीपेक्षा अवघड आहे? सूर्य तर रोज येतो, ड्रायव्हर सुट्टीवर जात नाही, टायर पंक्चर होत नाही.

मी रंगीत खडूचा डबा आणला आणि सकाळी आठपासून अंगणाच्या फरशीवर दर तासाला सावलीच्या कडेनं रेघ मारायला लागलो. रेघेच्या पुढं वेळ लिहायची: स. ९.००, स. १०.००. लिंबाच्या सावलीला एक रंग, दक्षिणेकडच्या उंच भिंतीच्या सावलीला दुसरा. तीन दिवसांत अंगणाचा नकाशा झाला. गल्लीतले लोक फाटकाशी थांबून मजा बघायचे. एक जण म्हणला, "साहेब, सावली किती नंबरच्या फलाटावर लागली?" दुसरा म्हणला, "वडीगोद्रीची सावली गेली का?" मी लक्ष दिलं नाही. शहाण्या माणसाला हे सोसावं लागतं.

मंग पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून पडवीत टांगलं. फालसा: आठ ते दहा जाळी वर, दहा ते चार जाळी खाली, चार ते सहा पुन्हा वर. बायकोनं वाचलं आणि म्हणली, "आठ तास सांगितले होते, हे चारच झाले." मी म्हणलो, सवय हळूहळू लावावी लागते. स्ट्रॉबेरीच्या कुंड्या दक्षिणेच्या भिंतीपासून बराबर चार फुटांवर ठेवल्या, कारण तिथं अकरा वाजून पन्नास मिनिटांनी भिंतीची सावली यायची, ती संध्याकाळपर्यंत हालत नव्हती. फक्त एक अडचण निघाली. पूर्वेच्या कुंपणाला एक पत्रा उभा बांधलेला होता, त्याची सावली सकाळी आठ दहा ते आठ चाळीस कुंड्यांवर पडायची. तीस मिनिटांचं नुकसान! मी वेळापत्रकाच्या तळाला लिहिलं, 'पत्रा काढणे', आणि काढला.

तो पत्रा का बांधला होता, हे मला त्या वेळी आठवायला पाहिजे होतं.

कुंपणापलीकडं मावशी राहते. एकटी बाई, सत्तरीची, सगळी गल्ली तिला मावशीच म्हणते, आमची पोरगी तेवढी आजी म्हणायची. तिच्याकडं एक शेळी. मावशी तिला पोरीसारखी जपते आणि शेळीला ते बराबर कळतं, त्यामुळं ती कोणाच्या बापाला भीत नाही. पत्रा त्या शेळीसाठी होता.

जानेवारीतली सकाळ. आठला मी जाळी गुंडाळून वर बांधली, आत गेलो, चहा घेतला, पेपर वाचला. दहाला 'जाळी खाली'ची वेळ झाली म्हणून बाहेर आलो, तर जाळी जागेवर नव्हती. ती अंगणात फिरत होती. जाळीच्या खाली चार पाय होते.

मी आरडलो ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. स्टँडावर माईक बंद पडला तरी माझं काही अडायचं नाही, असा आवाज आहे माझा. शेळीही घाबरली, शिंगात अडकलेल्या जाळीसकट मांडवाभोवती पळाली, दोन बांबू आडवे झाले, आणि उरल्यासुरल्या फांद्या जाळीबरोबर मोडून आल्या. कमरेच्या वर गेलेलं माझं झाड गुडघ्याएवढे सहा-सात खुंट होऊन उभं होतं. एक पान नाही. साल सुद्धा चावलेली.

मावशी धावत आली. मी तिला नको नको ते बोललो. शेळी सांभाळता येत नसेल तर विकून टाका म्हणलो. तुमच्या शेळीनं माझ्या पोरीचे डोहाळे खाल्ले म्हणलो. मावशी सगळं ऐकून घेत होती, शेळीच्या शिंगातली जाळी सोडवत होती. सोडवून झाल्यावर तिनं कुंपणाकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "पत्रा कोणी काढला, साहेब?"

मी आणखी मोठ्यानं आरडलो. ती शेळीला घेऊन गेली. त्या दिवसापासून मी मावशीशी बोलणं सोडलं. बायकोनं नाही सोडलं. माझी पाठ वळली की कुंपणावरून वाट्या जायच्या, यायच्या. मावशीची मेथीची भाजी मला माहिती आहे, ताटात आली की ओळखू येते. मी मुकाट्यानं खायचो.

त्या दुपारी बायकोनं विळा घेतला आणि चिरफाळलेले खुंट नीट सरळ कापून टाकले. मी म्हणलो, आता काय उपयोग. ती म्हणली, "जखम साफ करावी माणसानं." जाळीच्या चिंध्या झाल्या होत्या. नवी आणायला मी गेलो नाही. खुंटाला काय सावली द्यायची? मी खुर्ची फिरवून त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसायला लागलो.

खरी पंचाईत रोज संध्याकाळी व्हायची. पोरीचा व्हिडिओ कॉल. "पप्पा, झाड दाखवा ना." दोन दिवस मी म्हणलो, अंधार पडला. तिसऱ्या दिवशी तिनं चार वाजताच फोन लावला. मी मोबाईल घेऊन अंगणात गेलो आणि काय सुचलं कोणास ठाऊक, दुरून एक हिरवंगार झाड दाखवलं आणि म्हणलो, हे बघ, कसं डवरलं.

"पप्पा, तो कढीपत्ता आहे."

"त्याच्या मागं हाये फालसा. उन्हात नीट दिसत न्हाई."

"बरं," पोरगी म्हणली. "मी रोज रात्री झोपताना विचार करते, एप्रिलात मीठ लावून खाईन. मग मला जरा बरं वाटतं."

फोन ठेवून मी लिंबाखाली बसलो. तीस वर्षांत लोकांना मी कितीदा सांगितलं असेल, गाडी येईल, येऊन राह्यली, थोडं थांबा. माहिती असायचं की गाडी बंद पडली आहे. पण ती माणसं अनोळखी होती. ही माझी पोरगी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फेब्रुवारी लागला तेव्हा एक दिवस बायकोनं हाक मारली, "इकडं या जरा." मी गेलो नाही. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली ती अशी की जावंच लागलं. खुंटांच्या अंगातून तांबूस कोंब निघाले होते. एका खुंटाला आठ, दहा. भर दुपारी, डोक्यावर ना जाळी ना काही, उन्हात उभे. मी हात लावून बघितला. कोंब कोमट होता आणि टणक होता. बायको म्हणली, "आता जाळी आणली ना तुम्ही, तर मी तुम्हाला त्या जाळीत बांधीन."

मार्चात एकेका नव्या फांदीवर पिवळी फुलं. बारीक बारीक, झुपक्यानं. मी मोबाईलमध्ये फोटो काढला आणि बायकोला घेऊन नर्सरीत गेलो, खताचं विचारायला. नर्सरीवाल्यानं फोटो मोठा करून बघितला. म्हणला, "वा! छाटणी लई बराबर झाली. वेळेवर झाली. कोणी केली?"

"मीच केली," मी म्हणलो.

बायको शेजारीच उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि गुलाबाच्या कुंड्या बघायला लागली. रिक्षात बसल्यावर म्हणली, "पुढल्या टायमाला शिंगं बी दाखवा त्याला."

एप्रिलात फालशाला हिरव्या गोळ्या धरल्या आणि माझ्या वेळापत्रकानं माझं नाक कापलं. झालं असं की स्ट्रॉबेरीला फेब्रुवारीत पाच-सहा फळं आली होती, बरी चालली होती. मंग एकेक पान कडेनं तपकिरी व्हायला लागलं. मी पाणी वाढवलं. पानं आणखी करपली. एका दुपारी बाराला मी स्वतः जाऊन उभा राहिलो, तर कुंड्यांवर रखरखीत ऊन! भिंतीची सावली चार फुटांवरून सरकत सरकत भिंतीच्या पायाशी जाऊन बसली होती. सूर्य आता दक्षिणेकडून जातच नव्हता, सरळ डोक्यावरून जात होता. माझी खडूची रेघ तिथंच, 'दु. ११.५०', आणि सावलीचा पत्ता नाही.

बायको म्हणली, "तुम्ही हिवाळ्यात लिहिलं होतं ना ते?"

"हो."

"मंग उन्हाळी येळापत्रक कोण काढणार? एसटीत तर तुम्हीच काढत होते."

तिनं कुंड्या उचलल्या आणि लिंबाखाली नेऊन ठेवल्या, माझ्या खुर्चीच्या जागेवर. खुर्ची बाजूला सरकवली. आठ दिवसांत सात रोपांना नवी पानं आली. म्हणजे चार वर्षं ज्याला ऊन पाहिजे होतं त्याला मी सावलीत कोंडलं होतं, आणि ज्यांना सावली पाहिजे होती त्यांना दीड महिना मोजूनमापून भाजलं होतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असाच असेल.

एप्रिलच्या शेवटी पोरगी आली. पोट बऱ्यापैकी पुढं, चेहरा मात्र पांढराफटक. फालसे पिकायला लागले होते, पण फालसा एकदम पिकत नाही. आज दहा, उद्या पंधरा. तोडून ठेवावे तर टिकत नाहीत, झाडावर ठेवावे तर बुलबुल टपलेले. मी चार दिवस झाडाजवळ ताट आणि पळी घेऊन बसलो होतो, पाखरू आलं की ताट वाजवायचो. बोललो होतो ताटभर, पण ताट फक्त वाजवण्यापुरतं कामाला आलं.

सकाळी ती उठायच्या आत मी लिंबाखाली तिच्यासाठी खुर्ची मांडली. खुर्चीवर उशी, शेजारी पाण्याचा तांब्या. ती बाहेर आली, खुर्ची उचलली आणि ओढत ओढत थेट उन्हात नेऊन फालशाशेजारी टेकवली.

"अगं, ऊन हाये तिथं!"

"म्हणूनच. डॉक्टरांनी सांगितलंय पप्पा, माझं व्हिटॅमिन डी पार तळाला गेलंय. सकाळचं अर्धा तास उन्हात बसायलाच पाहिजे."

मी आत पळालो, छत्री आणली आणि तिच्या मागं उभा राहून तिच्या डोक्यावर धरली. तिनं वर बघितलं. हात पुढं करून एक काळा फालसा तोडला, मिठात बुडवला, तोंडात टाकला. डोळे गच्च मिटले. मंग दुसरा. मंग तिसरा. बिया मांडायला रजिस्टर नव्हतं, तर तिनं त्या खुर्चीच्या दांड्यावर मांडल्या, बराबर रांगेत. मला समोरचं दिसेना झालं. मी म्हणलो, डोळ्यात काहीतरी गेलं. बायको म्हणली, "छत्रीखाली कुठून गेलं?"

"काय लगडलंय!" पोरगी म्हणली. "छाटणी कोणी केली?"

मी घसा साफ केला. पण बायकोनं चार महिने पोटात ठेवलेलं सगळं एका दमात सांगितलं: जाळी, पत्रा, शेळी, कढीपत्ता, नर्सरीत मारलेली थाप. पोरगी हसायला लागली. पोट धरून हसली, इतकी की मला भीती वाटली. आणि हसता हसता एकदम थांबली.

"मग आजीला उद्या बोलावलंय ना जेवायला?"

मी छत्रीकडं बघितलं.

"पप्पा! मी शाळेत जायच्या आधी, आई अंगणवाडीत आन् तुम्ही ड्युटीवर असले की मला कोण सांभाळायचं? गोवर निघाला तेव्हा शेळीचं दूध कोणी आणून दिलं? तुम्ही तिला बोलावलं न्हाई?" पुण्यात चार वर्षं राहून सुधारलेली तिची भाषा रागात बराबर अंबडला परत आली.

छत्री मिटून मी भिंतीला टेकवली. झाडावर जेवढे पिकले होते तेवढे सगळे तोडले. वाटीभर झाले. वाटी घेऊन कुंपणाशी गेलो. मावशी शेळीला पाला टाकत होती. तिनं बघितलं आणि पाला टाकत राहिली. बोलायचं मलाच होतं.

"मावशी, पत्रा मीच काढला होता."

"माहिती हाये."

"मी लई वाईट बोललो."

"ते बी माहिती हाये. सगळ्या गल्लीला माहिती हाये."

मी वाटी कुंपणावरून पुढं केली. म्हणलो, उद्या पोरीचं डोहाळजेवण आहे, तुम्ही आल्याशिवाय ओटी भरणार नाही. मावशीनं वाटी घेतली, आत बघितलं, दोन फालसे उचलले आणि शेळीपुढं धरले. "आधी जिनं काम केलं तिला," म्हणली. शेळीनं खाल्ले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी मावशी नवं लुगडं नेसून आली. बायांनी बुद्धवंदना म्हणली, मंग ओटी भरली, आणि पहिली ओटी मावशीनं भरली. सतरंजी मी लिंबाखाली अंथरली होती, पण पोरगी फालशाशेजारून उठेना, म्हणून सगळ्या बाया सतरंजी ओढून सकाळच्या उन्हात जाऊन बसल्या. लिंबाखाली मी आणि सात स्ट्रॉबेऱ्या.

आठ दिवसांनी पोरगी पुण्याला निघाली. रंग जरा सुधारला होता, दोन घास जास्त जात होते. रोज सकाळी ती स्वतः तोडून मूठभर फालसे खायची, मूठभरापेक्षा जास्त कधीच निघाले नाहीत. तिला गाडीत बसवायला मी स्टँडावर गेलो. माझ्या जुन्या खोलीच्या पुढंच गाडी लागली होती. ती खिडकीतून म्हणली, "ताटभर म्हणाला होतात."

"पुढल्या साली. मावशीची शेळी जानेवारीत बोलावलीच हाये मी."

"पुढच्या वर्षी दोघं येऊ खायला," पोटावर हात ठेवून ती म्हणली. "ह्याला पण फालशाजवळ बसवीन, उन्हात."

"बसव की. फक्त येताना टोपी घालून आण त्याला."

"पप्पा!"

गाडी सुरू झाली. मी पत्र्यावर हात मारून गाडी सोडली, तीस वर्षांची सवय. आणि चालत्या गाडीबरोबर चार पावलं पळत, पूर्ण स्टँडाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणलो, "बरं, न्हाई घालत टोपी! तू फक्त ये!"